विंचरणा की इंचरणा? जुन्या नकाशांतून आणि गॅझेटिअरमधून शोधलेला बीडचा एक डोंगरी ओढा

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर सौताड्याच्या धबधब्याचे रील्स फिरायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याचं हे गाव बीड-जामखेड रस्त्यावर आहे. पठारावरून संथ वाहत आलेलं पाणी इथं अचानक दोनशेहून जास्त फूट खोल दरीत कोसळतं. खाली दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथं भाविकांची गर्दी होते.

धबधबा सगळ्यांना माहीत आहे. पण हे पाणी कुठल्या नदीचं, ती येते कुठून आणि जाते कुठं, हे विचारलं तर अनेकजण गप्प होतात. नदीचं नाव आहे विंचरणा. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहिलं तर नदी म्हणायलाही जीभ रेटत नाही, ओढाच वाटावा इतकी ती लहान. मात्र या ओढ्याची नोंद १४० वर्षांपूर्वीच्या सरकारी पुस्तकात आहे, आणि तीही वेगळ्या नावानं, वेगळ्या जिल्ह्याच्या खंडात.

हे कसं झालं? आणि असा एखादा लहान ओढा जुन्या कागदांमधून शोधायचा तर कसा?

आधी डोंगर समजून घेऊ

बीड जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेला गोदावरीच्या काठची सपाट काळी जमीन, म्हणजे गंगथडी. दक्षिणेला बालाघाटचं पठार. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा प्रदेश. पाटोदा तालुका या पठारावर बसलेला आहे.

हे पठार दख्खनच्या बेसाल्ट खडकाचं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काही थर टणक, काही ठिसूळ. वाहतं पाणी ठिसूळ थर आधी कोरतं, वरचा टणक थर कड्यासारखा उभा राहतो आणि त्याचे तुकडे हळूहळू ढासळत जातात. सौताड्याचा कडा आणि त्याखालची घळ अशाच झिजेतून तयार झाली आहे.

पाटोदा तालुक्याची खरी गंमत पाण्याच्या वाटांमध्ये आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते आणि ७०० किलोमीटरहून जास्त प्रवास करून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सिंदफणाही याच डोंगरांतून निघते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीत जाते. विंचरणा मात्र दक्षिणेची वाट धरते. सौताड्याचा कडा उतरून ती जामखेडला येते. पुढे तिचं पाणी सीना नदीत, सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातं.

म्हणजे पाटोदा तालुक्यात पावसाची एकच सर पडली, तरी तिचं काही पाणी गोदावरीत आणि काही कृष्णेत जातं. अशा रेषेला पाणलोटाची सीमा किंवा जलविभाजक म्हणतात. ती जमिनीवर आखलेली नसते, पण पाणी ती कधी ओलांडत नाही.

१८८४ चं पुस्तक, शेजारच्या जिल्ह्याचं

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांचे गॅझेटिअर तयार झाले. जेम्स कॅम्पबेल हे त्यांचे संपादक. जमीन, पिकं, जाती-जमाती, बाजार, देवळं, नद्या, सगळ्याची माहिती या जाडजूड खंडांत आहे. १८८४ साली आलेला सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा आहे.

या खंडात जामखेडची माहिती देताना लिहिणाऱ्यानं थोडी वाट वाकडी केली आहे. जामखेडच्या ईशान्येला सुमारे सहा मैलांवर, निजामाच्या हद्दीतल्या सौताडा गावी नदी उंच कड्यावरून दरीत कोसळते, अशी नोंद त्यात आहे. उंची दोनशे फुटांच्या वर दिली आहे. नदीचं नाव दिलं आहे ते ‘इंचरणा’ या उच्चाराचं.

ही नोंद तिथं का आली, हे समजायला तेव्हाचा राजकीय नकाशा पाहावा लागतो. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर जामखेडचा परिसर इंग्रजी अमलाखाली गेला. सौताडा मात्र हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, लोकांच्या भाषेत ‘मोगलाई’त राहिला. एकाच नदीचा वरचा भाग मोगलाईत आणि खालचा इंग्रजी मुलखात. कडा मोगलाईत होता, पण त्याचं वर्णन इंग्रजी मुलखाच्या पुस्तकात आलं.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. बीडचा स्वतंत्र जिल्हा गॅझेटिअर महाराष्ट्र सरकारनं १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे सौताड्याबद्दल एकोणिसाव्या शतकातलं काही वाचायचं असेल, तर बीडचं नाव टाकून शोधणारा माणूस रिकाम्या हातानं परत येऊ शकतो. त्याला शेजारच्या जिल्ह्याचं पुस्तक उघडावं लागतं.

लहान ओढा शोधताना हा पहिला धडा. आपला जिल्हा तेव्हा कुणाच्या राज्यात होता, हद्द कुठून जात होती आणि पलीकडच्या बाजूला कोण लिहीत होतं, हे आधी बघायचं.

नावातला ‘व’ कुठं गेला?

विंचरणा या नावाची एक कथा परिसरात सांगितली जाते. वनवासात राम-सीता इथं आले, सीतामाईनं या पाण्याकाठी केस विंचरले, म्हणून नदी विंचरणा. मग गॅझेटिअरमध्ये ‘इंचरणा’ कसं आलं? साहेबाला नीट ऐकू आलं नाही, असं म्हणून विषय सोडून देणं सोपं आहे.

पण ग्रामीण मराठी बोलीकडे कान दिला तर वेगळं दिसतं. विंचवाला खेड्यात ‘इंचू’ म्हणतात. विस्तवाचा ‘इस्तू’ होतो, विहिरीची ‘इहीर’ होते. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘वि’मधला ‘व’ गळून ‘इ’ राहणं हे आपल्या बोलीचं जुनं वळण आहे. त्याच वळणानं विंचरणाची ‘इंचरणा’ होते. म्हणजे ज्याला आपण चूक समजतो, ती बहुधा १८८४ च्या आसपास गावकरी नदीचं नाव जसं उच्चारत होते त्याची नोंद आहे. कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं.

दुसरं नाव गावाचं. जुन्या इंग्रजी लिखाणात सौताड्याच्या जागी ‘सौतारा’ असं वाचायला मिळतं. मराठीतला दोन स्वरांमधला किंवा शब्दाच्या शेवटचा ‘ड’ कानाला ‘र’च्या जवळचा वाटतो, म्हणून रोमन लिपीत तो अनेकदा ‘आर’ अक्षरानं लिहिला गेला. बीडचंही तेच झालं. जुन्या नकाशांवर आणि पुस्तकांत बीड शहर ‘भीर’ किंवा ‘बीर’ म्हणून सापडतं. १९६९ च्या सरकारी गॅझेटिअरवरही नाव ‘भीर’ असंच आहे.

बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरेचंही असंच. इंग्रजी लिखाणात ती ‘बेंडसुरा’ म्हणून भेटते. आजचं शुद्ध नाव टाकून संगणकावर शोध घेतला तर यातली एकही नोंद समोर येणार नाही.

म्हणून जुने कागद चाळताना नावाची एक यादी करून ठेवावी लागते. शुद्ध नाव, बोलीतलं नाव, ‘ड’चा ‘र’ झालेलं नाव, ‘व’ गळालेलं नाव. आणि यातलं कुठलंही ‘चुकीचं’ म्हणून फेकायचं नाही.

नकाशा काय दाखवतो, काय लपवतो

भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ पासून काम करतोय. त्याचे नकाशे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या प्रमाणात निघाले, आणि लहान ओढ्यासाठी हे प्रमाणच सगळं ठरवतं.

१८२७ पासून निघू लागलेल्या ‘अ‍ॅटलास ऑफ इंडिया’चं प्रमाण होतं एका इंचाला चार मैल. जामखेड ते सौताडा हे सहा मैलांचं अंतर त्यावर दीड इंचात संपतं. एवढ्या जागेत गावाचं नाव, रस्ता आणि डोंगर बसवायचा, तर ओढ्याच्या वाट्याला केसाएवढी रेघ येते. पुढे एका इंचाला एक मैल या प्रमाणाचे नकाशे आले, तेव्हा तेच अंतर सहा इंचांचं झालं. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि प्रमाण झालं ५० हजारास एक. त्यावर हे अंतर साधारण १९ सेंटिमीटर भरतं. आता वळणं, उपओढे, विहिरी, पायवाटा दिसायला जागा मिळते.

या नकाशांना बोलीभाषेत टोपोशीट म्हणतात. त्यांच्या क्रमांकाची एक पद्धत आहे. देशाचे चार अंशांचे मोठे चौकोन, प्रत्येकाला क्रमांक. बीड-जामखेडचा भाग ४७ क्रमांकात येतो. त्याचे एक अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरं. आपला भाग ‘एन’मध्ये. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा तुकडे. एक तुकडा म्हणजे जमिनीवर साधारण २६-२७ किलोमीटर बाजूचा चौकोन.

जामखेड ४७ एन/६ या शीटवर आहे. पण १८ अंश ४५ मिनिटांची रेषा जामखेडच्या थोड्याच उत्तरेला जाते आणि तिथं हे शीट संपतं. वरचा भाग पाहायला लगतचं ४७ एन/५ घ्यावं लागतं. म्हणजे आधी दोन राज्यांनी वाटून घेतलेली ही नदी नकाशाच्या कागदानंही पुन्हा वाटून घेतली आहे. दोन्ही शीट शेजारी ठेवल्याशिवाय ती सलग दिसत नाही.

शीट हातात आल्यावर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, रंग. या नकाशांवर निळा रंग पाण्याचा. पावसाळा सरला की कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघांनी दाखवलेले असतात. गुगल मॅपची सवय असलेल्या डोळ्यांना त्या काळ्या रेघा पायवाटा वाटतात. बालाघाटासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात बहुतेक ओढे असे काळेच असतात. फक्त निळं शोधणाऱ्याच्या हातून अर्धं खोरं निसटतं.

दुसरी, समोच्च रेषा. सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या या तपकिरी रेषा. ५० हजारांच्या नकाशावर साधारणपणे दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. दोनशे फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर. म्हणजे धबधब्यापाशी किमान तीन रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसायला हव्यात. धबधब्याच्या उंचीचे इंटरनेटवरचे आकडे किती खरे, हे तपासायची ही घरबसल्या रीत.

तिसरी, रेषांचं वळण. समोच्च रेषा ओढा ओलांडताना इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी वळते आणि तिचं टोक उगमाकडे असतं. ओढ्याचं नाव छापलेलं नसलं, तरी या टोकांचा माग काढत वर वर गेलं की उगमाचा माळ सापडतो.

प्रवासी पुस्तकं इथवर का आली नाहीत?

एकोणिसाव्या शतकात भारतात फिरणाऱ्या इंग्रजांसाठी मरेची हँडबुकं प्रसिद्ध होती. पण अशी मार्गदर्शक पुस्तकं प्रवासाच्या मार्गांनुसार लिहिली जात, आणि रेल्वे आल्यावर ती रुळांच्या कडेनंच चालू लागली. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि अहमदनगर त्यावर आलं. तिथून पूर्वेला बालाघाटाच्या दिशेनं रूळ पोहोचायला पुढचं शतक उलटून गेलं. अहमदनगर ते आष्टी गाडी धावली ती थेट २०२२ मध्ये.

मराठवाड्याबद्दल लिहिलेली पुस्तकं नव्हती असं नाही. सय्यद हुसेन बिलग्रामी आणि सी. विल्मॉट यांचं निजामाच्या राज्याचं ऐतिहासिक आणि वर्णनात्मक पुस्तक १८८३-८४ मधलं. ‘इम्पीरियल गॅझेटिअर’चा हैदराबादवरचा भाग १९०९ चा. पण अख्ख्या राज्याची माहिती देणाऱ्या पुस्तकात एका जिल्ह्याला थोडी पानं मिळतात आणि नद्यांच्या यादीत गोदावरी, मांजरा ही मोठी नावं पुढे असतात. लहान ओढ्याला जागा मिळते ती शेजारी एखादं देऊळ, घाट, बाजार किंवा धबधबा असेल तर. विंचरणेचं नशीब असं की तिच्या वाटेत एक कडा होता.

कागदावरून सुटलेलं पाणी विसरत नाही

हा सगळा शोध म्हणजे इतिहासाची हौस असं वाटेल. पण यात रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

२३ जुलै १९८९ ला बीड शहरात बिंदुसरेला महापूर आला. एरवी शहराच्या मधोमध नाल्यासारखी दिसणारी ही नदी वस्त्यांत आणि बाजारपेठेत घुसली. बिंदुसराही बालाघाटातूनच येते. डोंगरातला उतार, उघडा खडक आणि कमी वेळात पडलेला जास्त पाऊस एकत्र आले की अशी लहान नदी काही तासांत रूप बदलते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला. सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळकडची गावं आणि शेतं पाण्याखाली गेली. बातम्यांमध्ये नाव सीनेचं आलं. पण सीनेत पाणी येतं ते विंचरणेसारख्या अनेक लहान नद्या-ओढ्यांमधून. सोलापूरच्या शेतात शिरलेल्या पाण्याचा एक धागा असा पाटोद्याच्या माळापर्यंत जातो.

नदीकाठच्या बांधकामासाठी महाराष्ट्रात दोन पूररेषा मानल्या जातात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. या रेषा आखायच्या तर आधी नदी कुठून वाहते ते ठरलेलं असावं लागतं. मोठ्या नद्यांचं ते ठरलेलं असतं. ओढ्याचं पात्र मात्र दरवर्षी थोडं थोडं नांगराखाली जातं, त्यात मुरूम पडतो, वर प्लॉट पडतात. दहा वर्षांनी तिथं ओढा होता हे सांगायला फक्त म्हातारी माणसं आणि जुने नकाशे उरतात.

दुष्काळातही हेच कागद कामाला येतात. पाणी कुठं अडवायचं, कुठं मुरवायचं हे खोरं पाहून ठरतं. राज्याच्या भूजल सर्वेक्षणानं महाराष्ट्राचे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडले आहेत, आणि पाणलोटाची हद्द तालुक्याची किंवा जिल्ह्याची हद्द पाळत नाही. जामखेडला पाणी मिळायचं तर पाटोद्यात काय चाललंय, हे जामखेडकरांना बघावंच लागतं.

तुमच्या गावचा ओढा शोधायचा असेल तर

१. सुरुवात खालून करा. ओढा ज्या नदीला मिळतो तो संगम आधी पक्का करा आणि मग वर जा. उगमाकडून निघालं तर पहिल्याच फाट्यावर गोंधळ होतो.

२. टोपोशीट मिळवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ५० हजार प्रमाणाचे नकाशे उतरवता येतात. नवीन मालिकेचे क्रमांक वेगळे असतात, तेव्हा गावाचे अक्षांश-रेखांश हाताशी ठेवा.

३. जुना थर पाहा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात अडीच लाखास एक प्रमाणात भारताचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात ते मोफत पाहता येतात. धरणं आणि तलाव होण्याआधीची बरीच पात्रं त्यावर आहेत.

४. गॅझेटिअर वाचा, आणि शेजारच्या जिल्ह्याचाही वाचा. राज्याच्या गॅझेटिअर विभागानं जुने खंड ऑनलाईन ठेवले आहेत. नदीच्या प्रकरणासोबत गावांच्या माहितीचं प्रकरण जरूर चाळा. लहान ओढे बहुतेकदा तिथंच लपलेले असतात.

५. गाव नकाशा काढा. भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशात गट क्रमांकांच्या मधून जाणारे ओढे-नाले दाखवलेले असतात. ओढ्याच्या जागेवरून वाद झाला तर हा कागद सगळ्यात आधी विचारला जातो.

६. उपग्रहाच्या चित्रावर तपासा. गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं पाहता येतात. जुन्या नकाशावरचं वळण आज कुठं सरळ झालंय, कुठं बुजलंय, ते एका नजरेत कळतं.

७. शेवटी गावात जा आणि नाव विचारा. एकाच ओढ्याला प्रत्येक गाव वेगळं नाव देतं. वरच्या वाडीत तो देवाच्या नावानं ओळखला जातो, खालच्या गावात ज्याच्या शेतातून जातो त्याच्या नावानं. सगळी नावं लिहून घ्या, जशी ऐकू येतील तशी.

१८८४ च्या त्या खंडासाठी कुणीतरी नेमकं हेच केलं होतं. जामखेडहून सहा मैल पुढे, दुसऱ्याच्या राज्यातल्या धबधब्याची माहिती घेतली आणि लोकांच्या तोंडचं नाव लिहिलं. म्हणून ‘इंचरणा’ आजही सापडते. पुढच्या पावसात सौताड्याचा रील टाकाल तेव्हा धबधब्यासोबत नदीचंही नाव टाका. विंचरणा लिहा किंवा इंचरणा, दोन्ही बरोबर आहेत.